अंगठ्याची जागा

ती शिडीवर चढून भिंतीवरच्या बेस गिटारीची किमतीची चिठ्ठी बदलत होती, तेवढ्यात खालून कुणीतरी म्हणालं, "पुन्हा?"

शब्द एकच, पण सूर असा, की जणू तिने कुणाच्या तोंडचा घास काढून घेतलाय. तिने खाली पाहिलं. शिडीपाशी एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, शर्टाच्या खिशावर लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचं नाव, केस वाऱ्याने उभे राहिलेले. आणि उजवा पाय... तो सारखा हलत होता, शिवणाचं मशीन चालवल्यासारखा.

"काय पुन्हा?" तिने विचारलं.

"गेल्या आठवड्यापर्यंत एक लाख दहा हजार होती."

"आता एक लाख पस्तीस आहे."

"दिसतंय ते. अक्षर सुवाच्य आहे तुमचं. म्हणून तर जास्त टोचतंय."

ती शिडीवरून उतरली. दुकानात रुजू होऊन तिला तीनच दिवस झाले होते, आणि गिऱ्हाइकाने टोमणा मारला तर हसायचं की नाही, हे मावशीने अजून शिकवलं नव्हतं. तरी ती हसली.

"किंमत मी नाही ठरवत. मी फक्त लिहिते."

"फाशी देणाराही हेच म्हणतो." त्याने मान वर करून त्या गिटारीकडे पाहिलं. जुनी, मधाच्या रंगाची, कडांना रंग उडून लाकूड दिसायला लागलेली. "माझ्याकडे एक लाख पाच हजार साठलेत. पाच हजारच कमी होते हो. महिनाअखेरीस पगार झाला की नेणार होतो."

"म्हणजे मी महिनाभर उशिरा शिडीवर चढले असते तर—"

"तर गिटार मिळाली असती," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण तुम्ही भेटला नसता." आणि हे आपल्याच तोंडून गेलं हे कळल्यावर त्याचे कान असे लाल झाले, की तिला चिठ्ठीचा दोरा उगाचच पुन्हा सोडून पुन्हा बांधावा लागला.

दुकान तिच्या सख्ख्या मावशीचं. खाली विक्री, वर माळ्यावर कारखाना. आधीच्या दोन नोकऱ्या तिने वर्षा-वर्षाने सोडल्या होत्या, आणि "पायाला भिंगरी बांधून जन्मलीस, निदान माझ्या डोळ्यांसमोर तरी फिर," म्हणत मावशीने तिला इथे बसवलं होतं. काम मात्र तिला आवडलं. नव्याकोऱ्या गिटारी जुन्या करायचं काम. हो, असंही काम असतं. गुळगुळीत चकचकीत गिटार घ्यायची, सँडपेपरने कडांचा रंग उडवायचा, स्क्रू-पट्ट्या व्हिनेगरच्या वाफेत ठेवून काळवंडवायच्या, जिथे हात घासतो तिथे झीज पाडायची. शेवटी ती अशी दिसली पाहिजे, की चाळीस वर्षं कुणीतरी जीव लावून वाजवलीय.

"आणि लोक याचे जास्त पैसे देतात?" पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं.

"का नाही देणार?" मावशी चष्मा पुसत म्हणाली. "खऱ्या जुन्या होत्या तेवढ्याच आहेत. नव्याने जुन्या बनत नाहीत, आणि हौस काही मरत नाही. तेव्हा ज्यांना परवडत नव्हत्या, ती पोरं आता मोठी झाली, पैसेवाली झाली. जुनीचा भाव पळाला की जुन्यासारखी दिसणारीही मागोमाग पळते. आपण फक्त चिठ्ठ्या बदलत राहायचं."

तर चिठ्ठ्या बदलायला ती. आणि दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, अकराच्या ठोक्याला तो. मावशीने त्याचं नावच 'गुरुवार' ठेवलं होतं. "अगं, तुझा गुरुवार आला," ती गल्ल्यावरून सांगायची, चांगली त्याला ऐकू जाईल अशी.

"माझा कसला, तुझं गिऱ्हाईक आहे."

"सहा वर्षांत एक तारसुद्धा विकत घेतली नाही त्याने. गिऱ्हाईक कशाला म्हणू?"

सहा वर्षं यासाठी, की ती भिंतीवरची गिटार मुळात त्याचीच. म्हणजे त्याच्या मामाची. मामाने ती आयुष्यभर वाजवली, बोटं आखडल्यावर भाच्याला दिली. आणि भाच्याने, बाविसाव्या वर्षी बँडमधल्या मित्रांशी भांडण झालं तेव्हा डोक्यात राख घालून ती इथे आणून विकली. अठरा हजारांना. मग राग उतरला, मित्र परत बोलायला लागले, रविवारी कुणाची तरी मागून आणलेली गिटार घेऊन तो पुन्हा वाजवायलाही लागला. गिटार मात्र परत आली नाही. तिची किंमत आधी चाळीस हजार झाली, मग साठ, मग लाखाच्या वर. तो साठवत राहिला आणि ती पळत राहिली.

"मामांना सांगितलंत?" तिने एकदा विचारलं.

"नाही. तो फोनवर विचारतो, वाजवतोस ना? मी हो म्हणतो. ते खोटं नाही. दर गुरुवारी वाजवतोच की." तो स्टुलावर बसून तारा जुळवत होता. "माझा धंदा कसला आहे माहितेय? वर गेलेलं खाली आणायचं. आजवर एकही लिफ्ट वरच राहिलेली नाही. इथेच काही चालत नाही माझं."

मग तो वाजवायचा, पंधराच मिनिटं. बेसचा आवाज कानांना कमी आणि तळपायांना जास्त कळतो, हे तिला तेव्हा समजलं. त्याने सगळ्यात जाड तार छेडली की भिंतीवरच्या बाकीच्या गिटारी आपसूक गुणगुणायच्या, गल्ल्यावरच्या डबीतले स्क्रू थरथरायचे, आणि आणखीही काही थरथरायचं, त्याच्याविषयी ती मावशीशी बोलली नाही. वाजवतानाच तेवढा त्याचा पाय थांबायचा. एरवी वाऱ्यावरच्या चिठ्ठीसारखा अस्वस्थ माणूस, पण उजव्या हाताचा अंगठा गिटारीवर टेकला की शांत. ती समोर उभी राहून हिशेबाची वही बघतेय असं दाखवायची. वही पुष्कळदा उलटी असायची.

"लेबलवाल्या बाई," एकदा तो न थांबता म्हणाला, "वही उलटी आहे."

"तुम्ही तारांकडे बघा."

"तारा पाठ आहेत."

या उत्तरानंतर तिला दिवसभर काही सुचलं नाही. दोनदा चहा सांडला, एका गिऱ्हाइकाला चुकीच्या तारा दिल्या. शुक्रवार आला की गुरुवार किती लांब आहे, हे ती मोजायला लागली. आणि दर तीन महिन्यांनी मावशीने नवा आकडा सांगितला की तिचा हात जड व्हायचा. पावणेदोन लाख लिहिताना तिने मुद्दाम अक्षर खराब काढलं. सव्वादोन लिहिताना तर चिठ्ठी उलटी लटकवली. त्याने ती सरळ केली, वाचली आणि म्हणाला, "आज तुमच्यावर रागवायचंय, पण जमत नाहीये."

असं एक वर्ष गेलं. मग दातांचे डॉक्टर आले.

डॉक्टर बेस वाजवत नव्हते. त्यांना ती दिवाणखान्यात टांगायची होती. अडीच लाख त्यांनी पापणी न हलवता मान्य केले आणि वर आणखी एक काम दिलं. हुबेहूब अशीच एक नवी बनवा, ओरखड्याला ओरखडा. "खरी भिंतीवर राहील, आणि पाहुण्यांना हातात द्यायला ही दुसरी." मावशीने दुसरीचे दीड लाख सांगितले. तेही मान्य.

जुनी गिटार नक्कल करायला माळ्यावर गेली. त्या गुरुवारी तो आला, आणि रिकामा हूक बघून दारातच थांबला.

"विकली गेली," ती म्हणाली. हे वाक्य तिने सकाळपासून निदान चार तऱ्हांनी घोकलं होतं, आणि शेवटी सगळ्यात वाईट तऱ्हेने बाहेर पडलं. "वर आहे अजून. वाजवायची असेल तर..."

वर, लाकडाच्या भुशात आणि रंगाच्या वासात, त्याने ती शेवटची वाजवली. पंधरा नाही, चाळीस मिनिटं. मावशीनेही खालून हाक मारली नाही. मग गिटार खाली ठेवून तो उठला, आणि पाय पुन्हा हलायला लागला.

"चला. आता गुरुवारी काही काम उरलं नाही."

ती म्हणू शकली असती, की काम नसलं तरी या. मी आहे ना. एवढंच तर होतं. पण तोंडात शब्द आले आणि दातांमागेच अडकले. तो जिना उतरून गेला. फोन नंबर कुणी कुणाचा कधी घेतलाच नव्हता... गुरुवार ठरलेला असताना नंबर हवाय कशाला?

पुढचा गुरुवार आला. तो आला नाही. त्याच्या पुढचाही आला आणि कोरडा गेला. ती घरी बसली की उठायची, उठली की खिडकीत जायची, खिडकीतून परत दारात. एका जागी पाच मिनिटं टिकेना. आईने विचारलं, "कुणाची वाट बघतेस का?" तर "छे," म्हणून तिने न भिजलेले कपडे दोरीवर वाळत घातले.

काम मात्र चालू होतं. जुनीचे समोरचे सगळे ओरखडे तिने पातळ कागदावर छापून घेतले आणि नवीवर उतरवले. कडा झाल्या, कोपरे झाले. वाजवताना जिथे अंगठा टेकतो, तिथली झीज तेवढी शेवटी करायची असते. ती हत्याराने होत नाही. गिटार मांडीवर घेऊन, बारीक पूड लावून, आपल्याच अंगठ्याने तास न् तास घासावी लागते, तेव्हा कुठे ती खरी वाटते. तोवर डॉक्टर घाई करून जुनी घेऊन गेले होते. समोर नमुना नव्हता. पण नमुना कशाला हवा, डोळे मिटले की सगळं दिसत होतं. तीन दुपारी ती घासत बसली, आणि त्या तीन दुपारी तेवढी तिच्या जिवाला जरा स्वस्थता होती.

शनिवारी डॉक्टरांनी नवीही नेली, आणि सोमवारी ती घेऊन परत आले. दात बघायचं भिंग त्यांनी सोबतच आणलं होतं.

"समोरून बाकी सगळं उत्तम," ते म्हणाले. "पण ही अंगठ्याची खूण बघा. खऱ्या गिटारीत तारांखालच्या पुढच्या काळ्या पट्टीवर आहे. हिच्यात पावणेदोन इंच मागे. मी पट्टीने मोजलंय. इथे कुणी अंगठा ठेवतं का?"

डॉक्टर गेले. मावशीने गिटार टेबलावर ठेवली, चष्मा काढला आणि भाचीकडे पाहिलं.

"हा कुणाचा अंगठा?"

तिने टेबलावरचा दोरा गुंडाळायला घेतला.

"मामाची खूण पुढे होती. ही कुणाची?"

"चुकून झालं, मावशी."

"चुकून इंचाचा चौथा हिस्सा होतो. पावणेदोन इंच चुकून होत नाही." मावशीने सुस्कारा सोडला. "शुक्रवारपर्यंत हा खड्डा बुजव, रंग दे आणि खूण नीट जागेवर कर. डॉक्टरांचे पैसे आलेले आहेत."

माळ्यावर जाऊन तिने गिटार मांडीवर घेतली, अंगठा त्या खोलगट जागेत ठेवला, आणि समोरच्या काचेत स्वतःकडे पाहिलं. डावा खांदा जरा खाली. मान तिरकी. मनगट बाहेर वळलेलं... ती तंतोतंत त्याच्यासारखी बसली होती. वर्षभर उलट्या वहीआडून जे पाहिलं, ते अंगठ्याने लिहून काढलं होतं. मेले, तिच्या मनात आलं, हे तर सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलंय.

बुजवायला घेतलं, पण हात चालेना. मंगळवारी डबी उघडून पुन्हा बंद केली. बुधवारीही तेच. बुधवारी संध्याकाळी मावशी वर आली तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरांना मी दुसरी बनवून देते. पट्टी घेऊन, मापाने. माझा पगार कापून घे. हिला मात्र हात लावायचा नाही."

"मग हिचं काय लोणचं घालू?"

"विकू."

"दोष असलेला माल कोण घेणार?"

"एक जण आहे."

मावशीने गिटार हातात घेऊन ती खूण एकदा नीट पाहिली. मग म्हणाली, "दोषाच्या मालाला पूर्ण किंमत घेता येत नाही. लाखाच्या वरचा जो आकडा तुला बरा वाटेल, तो लिही. आणि त्या बापड्याला बोलावून तरी घे, नाहीतर अख्ख्या घराचे कपडे वाळत घालशील. तुझ्या आईने सांगितलंय मला."

बोलावणार कसं? त्याचं नाव-गाव काही लिहिलेलं नव्हतं, पण शर्टाच्या खिशावरचं कंपनीचं नाव तिला पाठ होतं. तिच्या घरच्या लिफ्टमध्ये त्याच कंपनीचा तक्रारीचा नंबर चिकटवलेला होता. गुरुवारी सकाळी तिने तो लावला.

"लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकलीय?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"लिफ्ट नाही अडकलेली. मला तुमच्याकडचे एक मेकॅनिक हवेत. उंच आहेत. पाय हलवत असतात सारखा."

पलीकडे कुणाला तरी खुणावल्याची कुजबुज. मग हसू दाबल्याचा आवाज. "लेबलवाल्या का तुम्ही? ऑफिसात सगळ्यांना माहिती आहात. आज त्यांची सुट्टी आहे, पण दोन गुरुवार झाले, इथेच येऊन बसतात. थांबा, देते."

तो अकराला नाही, साडेदहालाच आला. बाहेर वारा सुटला होता. दार उघडताच भिंतीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम फडफडल्या.

"तक्रार काय आहे?" त्याने विचारलं. दम लागला होता, पळत आला असावा.

"बसा. दाखवते."

तिने गिटार त्याच्या हातात दिली. तो स्टुलावर बसला, डावा खांदा खाली, मान तिरकी, आणि तारांवर बोटं ठेवायला म्हणून अंगठा टेकवला. अंगठा बसला. नुसता टेकला नाही, घरात शिरावा तसा आत बसला. त्याचा पाय थांबला. त्याने अंगठा उचलून खालची झीज पाहिली, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला.

"इथे कुणी अंगठा ठेवत नाही," तो हळूच म्हणाला.

"डॉक्टरही हेच म्हणाले."

"मामाची जागा पुढे होती. मला ती कधी जमलीच नाही. सगळे हसायचे, म्हणून मी कुणाला..." त्याने मान वर केली. "हे कुठून काढलंत?"

"बघून."

"किती बघून?"

"वर्षभर," ती म्हणाली. मग एकदा बोलायचंच आहे तर सगळंच बोलावं म्हणून, "वही उलटी धरून. माझं चुकलं, म्हणजे कामात चुकलं. डोळे मिटले की तुम्हीच दिसता, तर मी काय करू? त्या दिवशी जिन्यावर म्हणायचं होतं, की गिटार नसली तरी या. जमलं नाही. आता म्हणते."

त्याने अंगठा पुन्हा त्या जागेत ठेवला. गल्ल्यावर मावशीला एकाएकी पावत्या लावायची फार घाई झाली आणि ती मागच्या खोलीत निघून गेली.

"गिटार गेल्यावर लगेच मामाला खरं सांगितलं," शेवटी तो म्हणाला. "वाटलं, रागावेल. तर हसला. म्हणाला, अरे, मीही ती कुणाची तरी वापरलेलीच घेतली होती. तो खड्डा माझा नव्हताच. त्यात अंगठा बसवायला मला दोन वर्षं लागली. तू कशाला दुसऱ्याच्या खड्ड्यामागे धावतोस? ते ऐकून इथे यायला निघालो होतो. दोन्ही गुरुवारी. कोपऱ्यापर्यंत आलो आणि परत गेलो. म्हटलं, आता काय कारण सांगू?"

"मग ऑफिसात जाऊन का बसला?"

"घरी बसवेना."

ती हसली, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिने वळून टेबलावरची चिठ्ठी उचलली. गिटारीच्या मानेला दोऱ्याने बांधली. त्याने वाचली. एक लाख दहा हजार. सुवाच्य अक्षरात.

"ही किंमत ओळखीची आहे," तो म्हणाला.

"दोषाचा माल आहे. बदलून मिळणार नाही."

"आली की खाली." तो चिठ्ठीकडे बघतच राहिला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा." मग त्याने गिटार उलटी केली, पाठीवरून हात फिरवला आणि भुवया वर केल्या. पाठ कोरी होती, आरशासारखी. "इथे पट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे हवेत. जुनीला होते. हे का नाही केलंस?"

'केलंस' म्हणाला तो. तिने ऐकलं, आणि त्यानेही ऐकलं.

"पाठ छापायच्या आत डॉक्टर जुनी घेऊन गेले, आणि तू वाजवताना ती मला कधी दिसली नाही," ती म्हणाली. "गिटार तू अंगाशी धरलेली असायची. मग अंदाजाने कशाला करू? ते आपोआप पडतील, खरे."

"खरे पडायला वेळ लागतो. मामा म्हणतो, निदान वीस वर्षं."

ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. हिशेबाची वही आज तिने घेतलीच नव्हती.

"वाजव तू," ती म्हणाली. "मी बसलेय."